बालन्याय कायद्याचा इतिहास अभ्यासावा कसा

बालगुन्हेगारीविषयक कायद्याचा इतिहास बहुतेक ठिकाणी सरळ रेषेत सांगितला जातो. पूर्वी मुलांना मोठ्यांसारखीच शिक्षा होत असे, मग सुधारक आले, सुधारशाळा निघाल्या, बालन्यायालये स्थापन झाली, आंतरराष्ट्रीय करार झाले, आणि शेवटी २०१५ साली कायदा पुन्हा थोडा कडक झाला. ही मांडणी परीक्षेपुरती चालते. एखादे जुने निकालपत्र हातात घेऊन त्यातील मुलाला कोणता कायदा लागू होता हे शोधायला बसले की तिचा उपयोग संपतो. प्रस्तुत लेख विधी किंवा समाजकार्याचे विद्यार्थी, बाल न्याय मंडळापुढे नव्याने काम करू लागलेले वकील, परिवीक्षा अधिकारी आणि या विषयावर जबाबदारीने लिहू इच्छिणारे पत्रकार यांच्यासाठी आहे. तो मुख्यतः भारतीय कायद्याबद्दल असून बाहेरच्या देशांचा उल्लेख भारतीय तरतुदीचे मूळ किंवा तिची मर्यादा समजण्यापुरताच केला आहे.

माझा आग्रह असा की, प्रत्येक कायद्याला दोनच प्रश्न प्रथम विचारावेत: मुलाचे वय कोणत्या दिवशीचे धरायचे, आणि शिक्षेतून सूट देताना राज्याने त्या मुलावर कोणता ताबा मिळवला. सुधारणा, करुणा, पुनर्वसन हे शब्द जवळजवळ प्रत्येक कायद्याच्या प्रास्ताविकेत सापडतात. फरक कलमांत असतो.

दोन वयोमर्यादा वेगळ्या ठेवा

सर्वांत जास्त गोंधळ येथे होतो, म्हणून सुरुवात येथूनच करावी. एक मर्यादा खालची असते: त्या वयाच्या आतील मुलाचे कृत्य गुन्हाच ठरत नाही. दुसरी वरची असते: त्या वयापर्यंत कृत्य गुन्हा ठरू शकते, पण मुलाला सर्वसाधारण फौजदारी न्यायालयाऐवजी वेगळ्या यंत्रणेपुढे न्यावे लागते. वर्तमानपत्रांत ‘वय कमी करा’ अशी मागणी होते तेव्हा ती जवळजवळ नेहमी वरच्या मर्यादेबद्दल असते, आणि चर्चेत मात्र दोन्ही एकमेकींत मिसळतात.

खालच्या मर्यादेचा भारतीय इतिहास आश्चर्य वाटावे इतका स्थिर आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ८२ नुसार सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य अपराध नव्हते, आणि कलम ८३ नुसार सात ते बारा वर्षांच्या मुलाला आपल्या कृत्याचे स्वरूप व परिणाम समजण्याइतकी परिपक्वता नसेल तर तोही अपराधी ठरत नसे. यामागे इंग्लंडच्या रूढ कायद्यातील ‘डोली इनकॅपॅक्स’ हे तत्त्व होते. तेथे सातच्या खाली पूर्ण सूट होती, आणि सात ते चौदा या वयात मूल अपराधक्षम नाही असे गृहीत धरून ते खोडून काढण्याची जबाबदारी फिर्यादी पक्षावर टाकलेली होती. भारतात दुसरी पायरी चौदाऐवजी बारावर थांबली. पुढे इंग्लंडने १९३३ साली सातचे आठ आणि १९६३ साली आठचे दहा केले. १९९३ साली दोन दहा वर्षांच्या मुलांनी एका दोन वर्षांच्या बालकाचा खून केल्यानंतर उसळलेल्या लोकक्षोभाच्या वातावरणात, १९९८ च्या कायद्याने दहा ते चौदा वयोगटाला मिळणारे ते जुने गृहीतकच काढून टाकले. भारतात मात्र २०२३ च्या भारतीय न्याय संहितेची कलमे २० आणि २१ पाहिली तर सात आणि बारा हेच आकडे जवळपास त्याच शब्दांत उतरलेले दिसतात. बालहक्कांवरील संयुक्त राष्ट्रांच्या समितीने २०१९ साली खालची मर्यादा किमान चौदा असावी असे म्हटले होते, तरी नवी संहिता करताना त्या आकड्याला कोणी हात लावला नाही. एवढ्या मोठ्या फेररचनेत हा मुद्दा चर्चेविना सुटला, ही माझ्या मते अभ्यासाला घ्यावी अशी गोष्ट आहे.

वरची मर्यादा मात्र सतत हलत राहिली. १८९७ च्या सुधारशाळा कायद्यात ती पंधरा वर्षे होती आणि कायदा फक्त मुलग्यांना लागू होता. १९६० च्या बालक अधिनियमात, जो केंद्रशासित प्रदेशांपुरता होता, आणि नंतर १९८६ च्या बाल न्याय अधिनियमात ती मुलग्यासाठी सोळा व मुलीसाठी अठरा होती. २००० च्या कायद्याने ती दोघांसाठी अठरा केली. २०१५ च्या कायद्याने अठराचा आकडा कायम ठेवला, पण सोळा ते अठरा वयोगटातील काही मुलांसाठी वेगळा दरवाजा उघडला. टिपण काढताना प्रत्येक कायद्यासमोर दोन रकाने आखून दोन्ही आकडे स्वतंत्र लिहावेत.

वय कोणत्या तारखेचे

आकड्याइतकेच, किंबहुना त्याहून जास्त, महत्त्व तारखेला आहे, कारण फौजदारी प्रक्रिया वर्षानुवर्षे चालते आणि मूल तोवर मोठे होत असते. गुन्ह्याची तारीख, न्यायालयापुढे हजर केल्याची तारीख आणि दोषसिद्धीची तारीख या तीन तारखांपैकी कोणती निर्णायक, हे कायद्यागणिक बदलले आहे.

१८९७ च्या कायद्यात ‘तरुण अपराधी’ ठरण्यासाठी दोषसिद्धीच्या वेळी वय पंधराच्या आत असावे लागे. म्हणजे तपास लांबला तर मुलाची सूट आपोआप संपत असे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २७ मध्ये न्यायालयापुढे हजर झाल्याच्या तारखेला सोळाच्या आत असलेल्याचा विचार केला होता, आणि तोही मृत्युदंड किंवा जन्मठेपेस पात्र नसलेल्या गुन्ह्यांपुरता. १९८६ च्या कायद्यात तारखेविषयी स्पष्टता नसल्याने सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने २००० साली ‘अर्णित दास’ प्रकरणात हजर केल्याची तारीख ग्राह्य धरली. २००५ साली ‘प्रताप सिंग विरुद्ध झारखंड राज्य’ या प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ते मत बदलून गुन्ह्याची तारीख हीच निर्णायक ठरवली. मात्र त्याच निकालात असेही म्हटले की, जुन्या प्रलंबित प्रकरणांत २००० च्या कायद्याचा लाभ हवा असेल तर तो कायदा अमलात आला त्या दिवशी, म्हणजे १ एप्रिल २००१ रोजी, आरोपीचे वय अठराच्या आत असले पाहिजे. संसदेने २००६ साली दुरुस्ती करून ही अट निष्प्रभ केली, गुन्ह्याची तारीख व्याख्येतच घातली, आणि कलम ७-क जोडून बालक असल्याचा दावा कोणत्याही न्यायालयात, कोणत्याही टप्प्यावर, अंतिम निकालानंतरही करण्याची मुभा दिली. ‘हरी राम विरुद्ध राजस्थान राज्य’ या २००९ च्या निकालाने या दुरुस्तीचा अर्थ स्पष्ट करून, गुन्हा २००१ पूर्वीचा असला तरी त्या दिवशी अठरा पूर्ण न झालेल्या सर्वांना लाभ मिळतो असे सांगितले.

हे नुसते वाचून लक्षात राहत नाही. उदाहरण कागदावर सोडवून पाहावे. समजा, जून १९९८ मध्ये साडेसोळा वर्षांच्या मुलाच्या हातून गुन्हा घडला. तेव्हाच्या १९८६ च्या कायद्यानुसार तो बालक नव्हता, कारण मुलग्याची मर्यादा सोळा होती. त्याच घटनेत त्याच वयाची मुलगी आरोपी असती तर ती मात्र बालक ठरली असती. त्याचे प्रकरण सत्र न्यायालयात चालले, आणि २००१ मध्ये नवा कायदा आला तेव्हा तो एकोणीस ओलांडून गेला होता. २००५ च्या निकालाप्रमाणे त्याला लाभ नाही. २००६ च्या दुरुस्तीनंतर आहे. म्हणजे त्याने काहीही न करता त्याच एका कृत्याबाबत त्याची कायदेशीर स्थिती बदलली. जुने निकालपत्र वाचताना निकालाची तारीख या वळणांच्या अलीकडची की पलीकडची हे आधी पाहिले नाही, तर न्यायाधीशांनी चूक केली असे वाटत राहते, प्रत्यक्षात त्यांनी त्या दिवशीचा कायदा लावलेला असतो.

उलट दिशेनेही काळजी घ्यावी. २०१५ चा कायदा १५ जानेवारी २०१६ रोजी अमलात आला, आणि त्यापूर्वी घडलेल्या कृत्यासाठी त्यातील अधिक कडक तरतूद लावता येत नाही, कारण संविधानाचा अनुच्छेद २० कृत्याच्या वेळी असलेल्या शिक्षेपेक्षा जास्त शिक्षा देण्यास मनाई करतो. सौम्य बदल मागे जाऊ शकतो, कडक बदल नाही. हा एक नियम हाताशी ठेवला की अर्धे प्रश्न सुटतात.

वय सिद्ध कसे झाले हेही पाहावे. सध्याच्या कायद्याच्या कलम ९४ मध्ये पुराव्यांचा क्रम दिला आहे: प्रथम शाळेने दिलेला जन्मतारखेचा दाखला किंवा शालान्त परीक्षेचे प्रमाणपत्र, ते नसल्यास महानगरपालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची किंवा तत्सम वैद्यकीय चाचणी. वैद्यकीय चाचणी वयाचा केवळ अंदाज देते, त्यामुळे ती या क्रमात शेवटी ठेवली आहे.

सुटकेच्या बदल्यात काय घेतले

आता दुसरा प्रश्न. मुलाला तुरुंगातून बाहेर काढणारे कायदे त्याला दुसरीकडे कुठे आणि किती काळ ठेवत होते, ते मोजून पाहावे.

१८५० च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने दहा ते अठरा वयाच्या मुलांना, विशेषतः अनाथ व गरीब मुलांना, कारागिराकडे करारबद्ध करून धंदा शिकवण्याची सोय केली. भटकेपणा किंवा किरकोळ गुन्ह्यासाठी दोषी ठरलेल्या मुलाच्या बाबतीत दंडाधिकारी पालकाच्या जागी उभा राहून हा करार करू शकत असे. दारिद्र्य आणि गुन्हा एकाच कलमात येण्याची सुरुवात येथे दिसते, आणि पुढे शतकभर ती जोडी सुटत नाही. १८६४ च्या फटक्यांच्या कायद्याने अल्पवयीन अपराध्याला अन्य शिक्षेऐवजी फटके मारण्याची तरतूद केली. तेव्हाच्या समजुतीप्रमाणे हीसुद्धा मुलाला तुरुंगापासून वाचवण्याची युक्ती होती. ही शिक्षा १९५५ साली रद्द झाली.

सुधारशाळांचा पहिला अखिल भारतीय स्वरूपाचा कायदा १८७६ चा आणि त्याची जागा घेणारा १८९७ चा. मुंबईतील डेव्हिड ससून संस्था १८५७ पासून हे काम करत होती, म्हणजे कायदा संस्थेच्या मागून आला. १८९७ च्या कायद्यात सुधारशाळेतील मुक्काम किमान तीन आणि कमाल सात वर्षांचा होता, आणि अठराव्या वर्षांनंतर ठेवता येत नसे. याच्या शेजारी दंड संहितेचे कलम ३७९ ठेवावे. साध्या चोरीची प्रौढाला होणारी कमाल शिक्षा तीन वर्षांची, आणि त्याच चोरीसाठी मुलाला मिळणाऱ्या ‘सुधारणे’ची किमान मुदतही तीन वर्षांची. दोन कलमे शेजारी ठेवून वाचण्याची ही सवय प्रास्ताविकांच्या शंभर पानांपेक्षा जास्त शिकवते.

हाच पेच अमेरिकेत अधिक उघड्यावर आला. १८९९ साली इलिनॉय राज्याने शिकागो शहर ज्यात येते त्या कुक परगण्यात पहिले बालन्यायालय स्थापन केले. राज्य हे मुलाचे पालक आहे, म्हणून न्यायाधीशाने वडीलधाऱ्यासारखे वागावे आणि वकील, पुरावा, उलटतपासणी यांची फारशी गरज नसावी, अशी त्यामागची कल्पना होती. १९६४ मध्ये ॲरिझोना राज्यात गॉल्ट नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलावर शेजारणीला अश्लील फोन केल्याचा आरोप आला. आरोपांची नीट सूचना नाही, वकील नाही, तक्रारदार हजर नाही, सुनावणीची नोंद नाही, आणि आदेश मात्र एकविसाव्या वर्षापर्यंत सुधारशाळेत ठेवण्याचा. त्याच कृत्यासाठी प्रौढाला जास्तीत जास्त पन्नास डॉलर दंड किंवा दोन महिने कैद झाली असती. १९६७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मुलालाही सूचना, वकील, साक्षीदाराची उलटतपासणी आणि स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा हक्क आहे असे ठरवले. ज्यांना बालन्यायाचा इतिहास म्हणजे वाढत्या दयेचा इतिहास वाटतो त्यांनी हा निकाल मुळातून वाचावा.

भारतात वेगळ्या न्यायालयाची शिफारस १९१९-२० च्या भारतीय तुरुंग समितीने केली, आणि त्यानंतर मद्रास (१९२०), बंगाल (१९२२) व मुंबई (१९२४) या प्रांतांनी आपापले बालक कायदे केले. मुंबईचा कायदा पुढे १९४८ च्या कायद्याने बदलला. प्रांताप्रांतांत वेगळे कायदे असल्याने एकाच वयाच्या मुलाला एका राज्यात संरक्षण मिळे आणि शेजारच्या राज्यात तो तुरुंगात जाई; तुरुंगांतील मुलांविषयीच्या ‘शीला बारसे’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने संसदेनेच देशभरासाठी कायदा करावा असे सुचवले, आणि १९८६ चा कायदा त्याच वर्षी झाला.

निर्णय कोण घेतो हेही या प्रश्नाचाच भाग आहे. १९८६ मध्ये बालन्यायालयाला दोन मानद समाजसेवक केवळ साहाय्य करत. २००० पासून एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, ज्यांपैकी एक तरी स्त्री, असे बाल न्याय मंडळ मिळून निर्णय देते. कागदावर हा बदल लहान दिसतो, पण समाजकार्याचे मत सल्ल्यावरून निर्णयात आले ते येथे.

२०१२ नंतरचा भाग वाचताना

या टप्प्यावर भावना इतिहासाच्या पुढे धावतात, म्हणून क्रम काटेकोर ठेवावा. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील सामूहिक बलात्कार व खुनाच्या प्रकरणातील एक आरोपी अठराच्या आतला होता, आणि त्याला २०१३ साली कायद्यातील कमाल मुदतीप्रमाणे तीन वर्षे विशेष गृहात ठेवण्याचा आदेश झाला. वय सोळावर आणावे ही मागणी जोरात होती. न्यायमूर्ती वर्मा समितीने जानेवारी २०१३ मध्ये तशी शिफारस केली नाही. सर्वोच्च न्यायालयाने ‘सलील बाली’ (२०१३) आणि ‘सुब्रमण्यम स्वामी विरुद्ध राजू’ (२०१४) या दोन्ही प्रकरणांत कायद्यात हस्तक्षेप नाकारला. संसदेच्या स्थायी समितीनेही नव्या विधेयकातील संबंधित तरतुदींना विरोध केला. तरीही डिसेंबर २०१५ मध्ये राज्यसभेत विधेयक संमत झाले. कायदा बदलतो तो तज्ज्ञांच्या अहवालानुसारच, अशी समजूत असल्यास हा क्रम ती दुरुस्त करतो.

नव्या कायद्यात नेमके काय बदलले हे सांगताना ‘वय सोळा झाले’ असे लिहू नये. सोळा ते अठरा वयाच्या मुलावर निर्घृण गुन्ह्याचा आरोप असेल, तर मंडळ कलम १५ खाली त्याची मानसिक व शारीरिक क्षमता, परिणाम समजण्याची कुवत आणि कृत्याची परिस्थिती यांचे प्राथमिक मूल्यमापन करते, आणि त्यानंतर प्रकरण सत्र न्यायालयाच्या दर्जाच्या बालक न्यायालयाकडे पाठवू शकते. तेथे प्रौढासारखा खटला चालला तरी एकविसाव्या वर्षापर्यंत त्याला तुरुंगात न ठेवता सुरक्षित स्थानी ठेवतात, आणि मृत्युदंड किंवा सुटकेची शक्यता नसलेली जन्मठेप कलम २१ मुळे देता येत नाही. भारताने १९९२ साली स्वीकारलेल्या बालहक्क कराराचा अनुच्छेद ३७ येथे जसाच्या तसा ओळखू येतो.

‘निर्घृण’ म्हणजे काय, यावरही काळानुसार उत्तर द्यावे लागते. मूळ व्याख्या किमान सात वर्षे शिक्षेच्या गुन्ह्यांची होती. कमाल शिक्षा सातपेक्षा जास्त, पण किमान शिक्षा ठरवलेलीच नाही, अशा गुन्ह्यांचे काय, हे कायद्यात सुटून गेले होते. ‘शिल्पा मित्तल’ (२०२०) निकालाने ते ‘गंभीर’ गटात धरले, म्हणजे त्यांत मूल्यमापनाचा प्रश्न येत नाही, आणि २०२१ ची दुरुस्ती १ सप्टेंबर २०२२ पासून अमलात आल्यावर हे कायद्यातच आले. प्राथमिक मूल्यमापन किती नाजूक काम आहे आणि मंडळात बालमानसशास्त्राची पदवी असलेले कोणी नसेल तर तज्ज्ञाची मदत घेणे का आवश्यक आहे, हे २०२२ च्या ‘बरुण चंद्र ठाकूर’ निकालात विस्ताराने आहे.

साधने वापरताना

क्रम उलटा ठेवणे सोयीचे पडते: प्रथम २०१५ च्या कायद्याचा चालू पाठ, मग २०००, मग १९८६, आणि शेवटी वसाहतकालीन कायदे. केंद्रीय कायदे ‘इंडिया कोड’ या सरकारी संकेतस्थळावर आणि सर्वोच्च न्यायालयाचे निकाल न्यायालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. रद्द झालेले व प्रांतिक कायदे मात्र विधी ग्रंथालयातील जुन्या संहिताखंडांत शोधावे लागतात. विधेयकासोबतचे उद्देश व कारणांचे निवेदन आणि संसदेतील चर्चा कलमांनंतर वाचावी, आधी नाही.

दुय्यम लेखनातील तारखा तपासल्याशिवाय उचलू नयेत. भारतातील पहिली अनाथ मुलांची शाळा लॉर्ड कॉर्नवॉलिस यांनी १८४३ साली काढली, हे वाक्य अनेक लेखांत आणि प्रबंधांत एकमेकांवरून उतरत आले आहे. कॉर्नवॉलिस १८०५ साली गाझीपूर येथे वारले.

आणि मंडळाच्या किंवा निरीक्षणगृहाच्या नोंदी पाहण्याची परवानगी मिळालीच, तर कलम ७४ लक्षात ठेवावे. विधिसंघर्षग्रस्त बालकाचे, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या किंवा दोषी ठरलेल्या बालकाचे नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील प्रसिद्ध केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. तो आरोपी आज साठ वर्षांचा असला, तरी त्याच्या बालपणीच्या प्रकरणाविषयी लिहिताना मंडळ, वर्ष आणि गुन्ह्याचे कलम यापलीकडे काही नोंदवू नये. गावाचे नावही लहान गाव असेल तर वगळावे.